वरणातली गोळी आणि कायदा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



मी शासकीय रुग्णालयात औषधनिर्माता आहे. औषधाच्या खिडकीवर अधूनमधून हळूच प्रश्न येतो, "भाऊ, ही गोळी पूड करून वरणात कालवली तर चालेल ना? सांगितलं तर घेत नाहीत." विचारणारी बहुधा थकलेली पत्नी किंवा आई असते. तिचा हेतू वाईट नसतो. तरी कायदा माहीत हवा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू आहे. लपवून औषध देण्याची वेगळी तरतूद त्यात नाही. त्याचा पाया आहे रुग्णाची संमती. माहिती समजते का, परिणाम उमगतात का, निर्णय कळवता येतो का, यावरून कलम ४ प्रमाणे क्षमता ठरते. रुग्णाचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो असमर्थ ठरत नाही.

मग खरोखरच भान हरपले असेल तर? त्यासाठी उघड वाट आहे. कलम १४ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधी असतो. त्याच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, कलम ८९ खाली रुग्णाला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. जिवाला धोका असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो.

आता माझ्या विषयाचे सांगतो. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्यांची पूड केली की सगळे औषध एकदम अंगात जाते. ताटात अर्धे वरण उरले, तर किती मात्रा गेली हे कळत नाही. लिथियम चालू असेल तर रक्ततपासणी हवीच. रुग्णालाच ठाऊक नसेल, तर तो अंगदुखीसाठी दुकानातून गोळी घेईल, आणि काही वेदनाशामकांनी रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढते. शिवाय एकदा कळले की घरच्या जेवणावरचाच विश्वास उडतो.

म्हणून डॉक्टरांना विचारा: पातळ औषध, तोंडात विरघळणारी गोळी किंवा महिन्याचे इंजेक्शन चालेल का? आधीच लपवून देत असाल तर एकदम बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा. माणूस बरा असताना पुढच्या उपचारांबाबतची त्याची इच्छा कलम ५ प्रमाणे लिहून घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही मदतीला आहे.

आपल्या माणसाला फसवून नव्हे, बरोबर घेऊन बरे करू या. गणपती बाप्पा मोरया!