आयाआज्यांचें स्मरण



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत कोल्हापूरच्या आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचीं व देणगीदारांचीं नांवें छापलीं जातील, आणि तें योग्यच आहे. परंतु चुलीपुढें बसून ज्यांनीं आपणांस क्रुसाची खूण करावयास शिकविलें, त्या आयांचीं व आज्यांचीं नांवें कोठें आहेत? प्रतिवर्षीं २ नोव्हेंबरला आपण त्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतों. परंतु मेणबत्तीच्या प्रकाशांत आठवावें तरी काय, हें पुढच्या पिढीस कोण सांगणार?

याविषयीं लक्ष्मीबाई टिळक यांचें उदाहरण आम्ही आपणांपुढें ठेवतों. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. तरी मराठी ख्रिस्ती माणसास त्या परक्या नाहींत. त्यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें झाला. पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां घर दुभंगलें. लक्ष्मीबाई मुलासह कित्येक वर्षें वेगळ्या राहिल्या. पुढें सोंवळें सुटलें, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९१९ सालीं निवर्तले. पुत्र देवदत्त यांस पित्याचें चरित्र लिहावयाचें होतें; त्यांनीं आईस आठवणी लिहावयास सांगितलें. त्यांतूनच १९३४ पासून ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत पतीचा तापटपणा आहे, विसराळूपणा आहे, उभयतांचीं भांडणें आहेत. तरी वाचून झाल्यावर मनांत उरतें तें प्रेमच. १९३६ सालीं त्याही देवाघरीं गेल्या. पुढें नातू अशोक यांनीं त्या आठवणी संपादून पुन्हां प्रसिद्ध केल्या. पत्नीनें लिहिलें, पुत्रानें लिहविलें, नातवानें जपलें.

आपण मात्र आई गेली कीं तिला देवदूत करून मोकळे होतों. तिचा राग, तिचा हट्ट, तिची काटकसर सारें झांकून टाकतों. बंधूंनो, जिच्यांत कांहींच उणें नव्हतें, तिच्यासाठीं मिस्सा तरी कशास अर्पावी? आपण मृतांसाठीं प्रार्थना करतों, ती त्या निर्दोष होत्या म्हणून नव्हे. आपल्या होत्या, आणि देव दयाळू आहे, म्हणून.

यास्तव प्रत्येक घरानें एक वही करावी. आजी कोणत्या गांवाहून आली, कोणास जेवूं घालीत असे, कशास हंसे, कशास रागावे, हें जाणत्यांनीं सांगावें व शाळेंत जाणाऱ्या नातवंडांनीं लिहावें. २ नोव्हेंबरच्या रात्रीं रोझरीपूर्वीं तें वाचावें. ज्यांनीं तिला पाहिलें, ते आहेत तोंवरच हें होणें आहे.

प्रभु आपल्या सर्व मृत आयाआज्यांस चिरशांति देवो. आमेन.