मेडिकल सेक्रेटरीचा व्यवसाय
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीनंतर मुलांनी काय करावे, असे विचारणारे पालक बाह्यरुग्ण विभागातील माझ्या टेबलाशी पुष्कळदा थांबतात. डॉक्टर किंवा परिचारिका होण्याची वाट त्यांना ठाऊक असते. मेडिकल सेक्रेटरी हाही एक व्यवसाय आहे, हे मात्र सांगावे लागते. ‘म्हणजे टायपिंगच ना?’ असे एका गृहस्थांनी विचारले होते. टायपिंग आहेच, पण काय टाइप होते, त्यावर बरेच अवलंबून असते.

डिस्चार्ज कार्डाचेच पाहा. रुग्ण घरी गेल्यावर गावातील डॉक्टरांच्या हाती पडतो तो एवढाच कागद. थायरॉईडच्या गोळीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. तेथे मिलिग्रॅम लिहिले गेले, तर कागदावर ती हजारपट होते. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ बोलण्याच्या ओघात सारखेच ऐकू येतात, अर्थ मात्र परस्परविरुद्ध. ‘इलियम’चा उच्चार एक, स्पेलिंगे दोन: एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरे कमरेचे हाड. आता संगणक ऐकून लिहितो आणि वेगाने लिहितो. परंतु ऐकू आलेला शब्द त्या रुग्णाच्या बाबतीत संभवतो की नाही, हे पाहणारे माणूस लागतेच. शंका आली की डॉक्टरांना पुन्हा विचारावे. ते घाईत असोत, वैतागलेले असोत. हे धैर्य कोणत्याही वर्गात शिकवीत नाहीत.

धर्मादाय रुग्णालयात या कामाला आणखी एक बाजू आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. मात्र त्या खाटेपर्यंत पोहोचण्याची वाट कागदांतून जाते: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका. शिधापत्रिकेवर ‘सखुबाई’, आधार कार्डावर ‘सकूबाई’ आणि केस पेपरवर माहेरचे आडनाव, असे झाले की दूरच्या तालुक्यातून आलेला मुलगा आईला खाटेवर ठेवून कचेऱ्यांचे हेलपाटे घालू लागतो. त्याची मजुरी बुडते ती वेगळीच. नोंदणीच्या वेळी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव जुळवून घेतले, तर पाच मिनिटांत हे टळते. देणगीदारांनी दिलेला पैसा योग्य माणसाच्या उपचारांना लागतो, तो अशा पाच मिनिटांमुळेही.

नातेवाईकांसाठी एक माहिती येथेच सांगते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत द्यावयाच्या असतात. मागण्यास संकोच करू नये.

मागणारा भलताच असेल, तर मात्र उत्तर वेगळे. ‘आमच्याच गावचे आहेत हो, काय झालंय त्यांना?’ असे आपुलकीने विचारणारे रोज भेटतात. त्यांना गोड शब्दांत परत पाठवणे हा आमच्या कामातील सर्वांत अवघड भाग. एचआयव्ही व मानसिक आजार यांविषयीच्या २०१७ च्या दोन्ही कायद्यांनी गोपनीयता बंधनकारक केली आहे. त्या आधीही एखाद्या मुलीचे लग्न किंवा एखाद्याची नोकरी आमच्या टेबलावरच्या एका वाक्याने मोडू शकत होती.

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्यांना स्पष्टच सांगते: सुरुवातीचा पगार बेताचा असतो. कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्य परीक्षा परिषदेची मराठी व इंग्रजी टंकलेखनाची प्रमाणपत्रे उपयोगी पडतात. शरीररचनेचे प्राथमिक ज्ञान आणि वैद्यकीय शब्दांची फोड मात्र चिकाटीने शिकावी लागते. मराठी माध्यमाच्या मुलांना ती जमत नाही, हा समज खोटा आहे. पुढे वैद्यकीय अभिलेख विभाग, आजारांचे सांकेतिक वर्गीकरण किंवा विमा दाव्यांचे काम, अशा वाटा फुटतात. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या अधिनियमातील अनुसूचीत मेडिकल सेक्रेटरी हा व्यवसाय नावानिशी आला आहे. परीक्षा, नोंदणी यांची घडी त्यातून बसावी, अशी अपेक्षा आहे.

विश्वस्तांकडे एक मागणे आहे. डिस्चार्ज कार्डे आज बिलांच्या खिडकीशेजारी, गर्दीच्या कोलाहलात तयार होतात. त्यासाठी दार लावता येईल अशी एक लहानशी खोली आणि कामाचा अनुभव घेण्यासाठी येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना वर्षभराचे विद्यावेतन मिळावे. खर्चाचा अंदाज मी कार्यालयात दिला आहे. पुढील बैठकीत त्याचा विचार व्हावा, ही विनंती.