तंद्री आणि तब्येत
(बीड जिल्हा बैठकीतील भाषण)



आम्ही शिकलो शेतकी, म्हणून दरवेळी बोंडअळीवर बोला म्हणतात. आज माणसाच्या तब्येतीवर बोलायचे आहे.

मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४-२०२१) या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चित्रकार, बुद्धिबळपटू, कडे चढणारे, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांना विचारले, काम रंगात आले की मनाचे काय होते? वेळेचे भान जाते, मी-माझे गळून पडते, असेच जो तो सांगे. अशी तंद्री लागायला काय करायचे ते नक्की हवे, जमले की चुकले हे तिथल्या तिथे कळावे, आणि काम आपल्या हातोटीच्या बेताचे असावे. फार सोपे झाले की कंटाळा येतो, फार अवघड झाले की धास्ती बसते.

बालाघाटात सीताफळाचे कलम बांधणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तिरपा काप, सालीला साल भिडलेली, वर घट्ट पट्टी. काप जुळला की नाही हे डोळ्याला लगेच दिसते. तेवढा तासभर सावकार आठवत नाही, हात तंबाखूच्या पुडीकडे जात नाही. कर्जाचा घोर घेऊन झोपणाऱ्याला हा तास औषधासारखा आहे. कर्ज त्याने फिटत नाही, हेही सांगून टाकतो. भावाचे सोडा, मन रमवा, असे सांगणारा कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पण तंद्रीला एक खोड आहे. तहान, लघवी, पाठीची कळ यांची हाक तिच्यात ऐकू येत नाही. आपला ऊसतोड कामगारही बुडखा, वाढे, मोळी असा ठेका धरतो. कसब त्याचेही मोठेच. मात्र कलमवाला वाटेल तेव्हा उठतो. फडातल्या जोडप्याने उचल घेतलेली असते, गाडी भरायची असते, खाडा झाला तर पैसे कापतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची सरकारी पाहणी झाली. १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे तंद्रीने झाले असे कोणी म्हणू नये. दुखणे अंगावर काढायला लावणारी सगळी रीत त्यामागे आहे.

तेव्हा तंद्री लागू द्या, पण उठायचा हक्क आपल्याकडे ठेवा. घरच्या रानात तासाला खुरपे खाली ठेवून तांब्याभर पाणी प्या. फडासाठी उचल घेतानाच मुकादमाकडून लिहून घ्या : प्यायचे पाणी, बायांसाठी संडास, आणि दुखण्याच्या दिवशी खाडा नाही. मसुदा टेबलावर ठेवला आहे. आधी बायांनी वाचावा, काही राहिले असेल तर सांगावे. सह्या जेवणानंतर घेऊ.