आक्षेप असेल तर लेखी द्या



१९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानीही नागपूरच होती. सीमा बदलली, पण महाराष्ट्रातल्या तुमसरकडची सोयरीक आणि मराठी इथे कटंगीत टिकून राहिली. घरात पोवारी किंवा गोंडी आणि बाजारात हिंदी ऐकणाऱ्या आपल्या मुलांना मराठी पुस्तक भेटलेच, तर ते बहुधा शाळेच्या कपाटात भेटते. आज त्या कपाटाबद्दलच बोलणार आहे.

पुस्तकावरून काय काय घडते, हे आपल्याला नवे नाही. ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वाद पेटला तेव्हा तिचे लेखक आनंद यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, तरीही त्यांना साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले आणि २००९चे महाबळेश्वरचे ते संमेलन अध्यक्षाविना पार पडले. आपल्याच मध्य प्रदेशात, इंदूरच्या शासकीय विधी महाविद्यालयात, डिसेंबर २०२२मध्ये ग्रंथालयातल्या एका पुस्तकावरून प्राचार्यांवर गुन्हा दाखल झाला. पुस्तक त्यांच्या कारकिर्दीच्या आधीच विकत घेतलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये तो गुन्हा रद्द केला. तोवर त्यांचे पद गेले होते.

या बातमीचा धसका खेड्यातल्या मुख्याध्यापकाने घेतला तर त्याला दोष कसा द्यावा? म्हणून शाळेत बंदीचा आदेश निघतच नाही. कुणाचा तरी फोन येतो. पुस्तक मधल्या फळीवरून मागे जाते, मग कार्यालयातल्या कुलपात, आणि वर्षाअखेरीस दाखल नोंदवहीत त्याच्यासमोर शेरा पडतो : ‘जीर्ण, निर्लेखित’. पाने करकरीत असतात, पण कागदोपत्री पुस्तक मेलेले असते.

गंमत पाहा. खुद्द राज्य सरकारला पुस्तक जप्त करायचे तर कायद्याने अधिसूचना काढावी लागते, त्यात कारणे द्यावी लागतात. तिला दोन महिन्यांत उच्च न्यायालयात आव्हान देता येते आणि तीन न्यायमूर्ती ते ऐकतात. जेम्स लेनच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरची महाराष्ट्राची बंदी अशीच न्यायालयात गेली आणि २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. सरकारला जे बंधन, ते एका फोनला मात्र नाही!

कुणी म्हणेल, मग लहान मुलांच्या हाती काहीही द्यायचे का? मुळीच नाही. तिसरीच्या मुलीला काय द्यावे आणि अकरावीच्या मुलाला काय, हे शिक्षकाने ठरवावे. ते त्याचे कामच आहे. पण निवड करणारा पुस्तक वाचून ठरवतो. बंदी मागणाऱ्याने बहुतेक वेळा ते उघडलेलेही नसते.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके असावीत, असे लिहिले आहे. ते मुलांच्या हक्काचे आहे, कुणाची मेहरबानी नव्हे.

म्हणून कटंगीच्या या संमेलनाने तीन मागण्या ठरावात घ्याव्यात. आक्षेप लेखी आणि सहीनिशी असावा. शिक्षक व पालकांच्या समितीने पुस्तक पूर्ण वाचूनच निर्णय द्यावा, आणि तोवर ते कपाटात राहावे. निर्णयाची कारणे शाळेच्या फलकावर लागावीत.

आणि पालकांनो, येत्या आठवड्यात शाळेत जा. नोंदवही मागा, तिच्यातली पुस्तके कपाटात आहेत का ते ताडून पाहा. फोन करणारे पुष्कळ आहेत. शिक्षकाच्या बाजूने उभे राहणारे आपण व्हायला हवे.