ओढ्याची हजेरी

भाद्रपद-आश्विनांत हिंगोलीस कयाधू नदीच्या कांठीं उभें राहिलें, तर डोक्यावरून चतुरांचे थवे फिरतांना दिसतात. लहानपणीं त्यांच्या शेपटीस दोरा बांधण्याचा क्रूर खेळ आपणांपैकीं अनेकांनीं खेळला असेल. आज त्याच जिवांची गणना कशी व कशासाठीं करावी, हें सांगावयाचें आहे.

पंख पसरून बसतो तो चतुर; अंगानें सडपातळ आणि बहुधा पंख पाठीवर मिटून बसते ती टांचणी. दोघांचेंही बालपण पाण्यांत जातें. पिलें डांसांच्या अळ्या वगैरे खाऊन वाढतात. वाढ पुरी झाली म्हणजे पिलूं काडीवर चढतें, त्याची पाठ उकलते, पंखांचा कीटक बाहेर पडतो आणि मागें राहते ती रिकामी कात.

गणनेसाठीं ओढ्याचा शे-दोनशे पावलांचा पट्टा ठरवावा. ऊन चढल्यावर तो सावकाश चालावा. जात, संख्या, वेळ व हवा टिपावी, आणि दरमहा तेथेंच परत जावें. लेफ्टनंट कर्नल फ्रेझर यांनीं १९३३ ते १९३६ या काळांत तीन खंडांत या कीटकांचें वर्णन करून ठेवलें, त्यामुळें ओळख पटविण्यास आधार आहे.

परंतु उडणारे मोजून काम संपत नाहीं. पँटाला फ्लॅवेसेन्स हा पिवळसर चतुर मोठा प्रवासी. पावसाळा सरतां तो समुद्र ओलांडून मालदीव बेटांवर उतरतो. तो येथें दिसला म्हणून येथेंच जन्मला असें ठरत नाहीं. शाळेच्या अंगणांत उभा असलेला प्रत्येक मुलगा पटावरचा नसतो! कात मात्र जन्मस्थानाची साक्ष देते.

या प्रवाशाचीं पिलें साध्या डबक्यांतही सहा-सात आठवड्यांत वाढतात. उलट कांहीं जातींच्या पिलांस वर्षभर पाणी लागतें. त्यांतील कित्येक वाळूंत दडून राहतात, आणि वाळूच्या उपशाबरोबर त्यांचें घरही जातें. म्हणून ज्या कांठावर पूर्वीं दोन्ही प्रकारच्या काती मिळत, तेथें पुढें केवळ घाईनें वाढणाऱ्यांच्याच मिळूं लागल्या, तर ओढ्याचें कांहीं बिघडलें असें समजावें.

सिंधुदुर्गांतील चौकुळ येथें आढळलेल्या एका नव्या चतुरास २०२२ सालीं त्या गांवाचें नांव मिळालें. औंढा नागनाथच्या रानांतील आपले बहुतेक ओढे सह्याद्रीसारखे बारमाही नाहींत. तेथें नवी जात सांपडेलच असें मी म्हणत नाहीं. पण कोणता ओढा किती दिवस जिवंत राहिला, हें त्या काती सांगतील. त्यासाठीं एक वही, एक पेन्सिल आणि वर्षभराची चिकाटी पुरे. ज्या मुलांच्या हातीं आपण एकदां दोरा पाहिला, त्यांच्या हातीं आतां ती वही द्यावी, एवढीच विनंती.