हँडब्रेकची केबल बदलताना

मागील चाकांना ड्रम असलेल्या मारुती ८०० सारख्या मोटारीची हँडब्रेक-केबल घरी बदलताना पुढील चाकांस लाकडी ठोकळे लावून, मागील भाग केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवण्याची तजवीज प्रथम करावी. यात हयगय मुळीच क्षम्य नाही. मग हँडब्रेक सोडून, त्याच्या दांड्याजवळील नट ढिला करून ड्रम उतरवावा. आतील धूळ फुंकरीने उडवू नये, कारण जुन्या ब्रेकशूंच्या अस्तरात फुप्फुसांस घातक असे ॲसबेस्टॉस असू शकते. केबलचे टोक शूमागील लहानशा लोखंडी तरफेच्या आकड्यात अडकलेले असते. तेथील स्प्रिंग पक्कडीने मागे दाबून ते अलगद सोडवावे. नवी केबल जुन्याच मार्गाने, पीळ न पडू देता न्यावी, आणि आधी शूंचे अंतर जुळवून मगच नट आवळावा.