परदेशातले पहिले दिवस
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतला एक मुलगा शिकायला परदेशी गेला. चौथ्याच दिवशी त्याचा फोन आला, "आई, जेवण जात नाही, मी परत येतो." माउली रडत विहारात आली. मी तिला बाबासाहेबांचे पहिले दिवस सांगितले.

जुलै १९१३. वडील रामजी फेब्रुवारीतच वारलेले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. हार्टले हॉल वसतिगृहातलं जेवण त्यांनाही रुचेना. आठवडाभरातच ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथं भारतीय विद्यार्थी राहत. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, तो जन्माचा. सुरुवातीचे काही महिने मौजेतही गेले, बरं का! मग जबाबदारीची जाणीव झाली आणि अठरा-अठरा तास अभ्यास सुरू झाला. १९१५ साली ते एम.ए. झाले.

त्यांनी खोली बदलली, वाट बदलली नाही.

म्हणून आईबापांनो, असा फोन आला तर लगेच "ये" म्हणू नका, रागावूही नका. विचारा, "तिथं तुला आपलं माणूस कोण मिळालं?" नसेल मिळालं तर शोधायला सांगा.

तो मुलगा अजून तिथंच शिकतोय.

नमो बुद्धाय! जयभीम!